खोली दोघांची

"रोझाल्बा, नीट ऐक. चारशे बारामध्ये टेबलावर पांढरा डबा आहे, दोन ताटल्या आहेत आणि एक चिठ्ठी. सगळं उचल. आत्ताच्या आत्ता."

अधिवेशन केंद्राच्या स्वच्छतागृहात नळ सोडून, त्या आवाजाआड लोर्ना ड्वोराक फोनवर कुजबुजत होती.

"अगं, झालं काय? सकाळी तूच मला तीनदा मांडायला लावलंस. ताटली जरा इकडे, जरा तिकडे."

"विल्मर गेलाय गं."

"कोण विल्मर?"

"मिसेस थॉर्सनचा नवरा. दीड वर्ष झालं म्हणे. विमानतळावरून येताना गाडीत सांगितलं तिनं. आणि मी चिठ्ठीवर लिहून बसलेय, 'अ‍ॅडेल आणि विल्मर, वेल्डनमध्ये पुन्हा स्वागत.' दोघांसाठी दोन ताटल्या."

रोझाल्बा त्या हॉटेलात खोल्यांची व्यवस्था पाहायची. दोघींची वीस वर्षांची मैत्री. ती म्हणाली, "बॅग वर गेलीय गं तिची. पाहुण्याची बॅग खोलीत गेली की आम्ही टाचणीसुद्धा उचलत नाही. मॅनेजर सोबत लागतो आणि तो येणार तीनला. उद्या तिचं काही हरवलं, तर आळ माझ्या पोरींवर."

पावणेएक वाजला होता. लोर्नानं नळ बंद केला. म्हणजे तीनपर्यंत या बाईला खोलीपासून लांब ठेवायचं.

आयोवातलं वेल्डन हे काही फार नावाजलेलं शहर नाही. मिसिसिपीच्या काठी वसलेलं, पण हल्ली दहा वर्षांत बाळसं धरलेलं. तीन नवी हॉटेलं, नदीकाठी सायकलींचा रस्ता, जुन्या बटणांच्या कारखान्यात संग्रहालय. हे सगळं जगाला सांगायला शहराचं एक पर्यटन कार्यालय होतं आणि त्याच्या दाराशी, पहिल्याच टेबलापाशी, लोर्ना गेली एकोणतीस वर्षं बसत होती. अधिवेशनं आणणारी माणसं शहर बघायला येत, तेव्हा त्यांना फिरवायचं कामही तिचंच. तिची म्हणून एक पद्धत होती. येऊन गेलेल्या प्रत्येक माणसाचं ती एक कार्ड करी. कुणाला लिफ्टजवळची खोली चालत नाही, कुणाला अक्रोड बाधतात, कुणाची मुलगी नर्सिंगला आहे. पुढच्या खेपेला माणूस आला की सगळं जिथल्या तिथं हजर. लोक चकित व्हायचे, आणि ते चकित झाले की बाईला दिवसभर जेवणाची शुद्ध नसे. गंमत म्हणजे गावातल्या एकाही हॉटेलात ती स्वतः कधी एक रात्र राहिली नव्हती.

नवा संचालक ब्रॅडी डेन्व्हरहून आला होता. पोरगा वाईट नव्हता. पण दाराशी टेबल नको, सात भाषांत बोलणारा पडदा हवा, असं त्याचं म्हणणं. "गोधडीवाल्यांचं अधिवेशन आणा, लोर्ना," तो महिन्यापूर्वी म्हणाला होता, "म्हणजे समितीपुढे मला सांगता येईल, की हे टेबल काम करतं. नाही आलं, तर माझ्या हातात काही राहत नाही." गोधड्या शिवणाऱ्या सहा हजार बायका, चार दिवस. आणि ते कुठं भरवायचं, हे ठरवणार होत्या अ‍ॅडेल थॉर्सन. नऊ वर्षांपूर्वी एका छोट्या मेळाव्यासाठी नवऱ्यासोबत येऊन गेलेल्या. लोर्नानं कार्ड काढलं होतं, चेक लोकांच्या बेकरीतून कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, आणले होते, वळणदार अक्षरात चिठ्ठी लिहिली होती. फक्त माणूस आहे की नाही, हे विचारायचं राहून गेलं होतं.

ती बाहेर आली. मिसेस थॉर्सन मोठ्या सभागृहात उभ्या होत्या. सत्तरीच्या, उंच, हातात छोटी वही. शेजारी ब्रॅडी.

"चला, आता माल उतरवायची जागा दाखवते," लोर्ना म्हणाली.

"ती बघितली ना मघाशी," ब्रॅडी म्हणाला.

"पूर्वेकडची बघितली. पश्चिमेकडची राहिली."

पश्चिमेकडची हुबेहूब पूर्वेकडच्यासारखीच होती. तरी लोर्नानं दरवाजाची रुंदी सांगितली, छताची उंची सांगितली, गोधड्या ओलसर होऊ नयेत म्हणून हवा कशी कोरडी ठेवतात तेही सांगितलं. मग स्वयंपाकघर. मग बटणांचं संग्रहालय, तिन्ही मजले. शिंपल्यातून बटण कसं पाडतात ते लोर्नानं इतक्या तपशिलानं सांगितलं, की तिथला पहारेकरीही कंटाळून दुसऱ्या दालनात गेला. तिचा एक डोळा घड्याळाकडे. एक पस्तीस. एक पन्नास. जीव असा टांगणीला लागलेला आणि तोंडानं बटणं.

"लोर्ना, झालं काय तुम्हाला?" ब्रॅडीनं तिला बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारलं. "बाई दमल्यात. खोलीवर सोडू या त्यांना."

"आणखी तासभर. माझं ऐक."

"का पण?"

तिनं सांगितलं नाही. तेवढ्यात तिची नजर मिसेस थॉर्सनकडे गेली. त्या जिन्याच्या कठड्याला टेकल्या होत्या आणि हळूच, कुणाला दिसू नये अशा बेतानं, डावा गुडघा चोळत होत्या.

डावा गुडघा. कार्डावर तिसऱ्या ओळीत तेच तर लिहिलं होतं, लोर्नाच्याच अक्षरात: 'डावा गुडघा दुखतो. दर अर्ध्या तासाला खुर्ची. स्वतःहून मागणार नाहीत.' एकोणतीस वर्षं आपण हेच जपत आलो आणि आज आपलं टेबल वाचावं म्हणून एका म्हाताऱ्या बाईला तीन मजले चढवले. तिला स्वतःची लाज वाटली.

ती जाऊन समोरची खुर्ची घेऊन आली. "बसा, मिसेस थॉर्सन. मला काहीतरी सांगायचंय."

त्या बसल्या. ब्रॅडी जवळ आला.

"तुमच्या खोलीत कोलाचे ठेवलेत. दोन ताटल्या आहेत, आणि चिठ्ठीवर विल्मरचंही नाव आहे. मी लिहिलं. मला ठाऊक नव्हतं. तुम्ही खोलीत जाण्याआधी ते उचललं जावं, म्हणून मी तुम्हाला मघापासून उगाच फिरवतेय. गुडघ्याचं माहीत असून फिरवतेय. माफ करा मला."

ब्रॅडीनं डोळे मिटले. मिसेस थॉर्सननी वही पर्समध्ये ठेवली, मग उठल्या आणि म्हणाल्या, "मला हॉटेलवर सोडता?"

त्या वर गेल्या त्या तासभर खाली आल्या नाहीत. ब्रॅडी हॉटेलच्या स्वागतकक्षात येरझाऱ्या घालत होता.

"मला आधी सांगितलं असतंत तर..."

"तर तू मॅनेजरला घरातून उचलून आणला असतास. माहीत आहे मला. सुचलं नाही बाबा."

तीन वाजून गेले आणि लिफ्टचं दार उघडलं. मिसेस थॉर्सनच्या हातात तो पांढरा डबा होता. चेहरा धुतलेला.

"ते कार्ड आहे का तुमच्याकडे?"

लोर्नानं पर्समधून काढलं.

"वाचा."

"विल्मर," लोर्ना वाचू लागली. "बैठकांना बसत नाही. दिवसभर हॉटेलसमोरच्या बाकावर. नदीतले मालाचे तराफे मोजतो, एका बोटीला पंधरा जोडलेले. कोलाचे खसखशीचे, जर्दाळूचे नकोत. धान्य घेऊन प्रवाहाबरोबर खाली जातात हे त्याला माहीत आहे, पण वर येताना काय आणतात, असं विचारत होता. कुणालाच सांगता आलं नाही. शोधून ठेवणे."

"मग? शोधलंत?"

"धरणावरच्या माणसाकडे जाऊन विचारून आले. खत, मीठ, सिमेंट. नाहीतर रिकामेच. तो पुन्हा आला की सांगायचं ठरवलं होतं."

मिसेस थॉर्सन हसल्या आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरून आले. "घरी जाईपर्यंत डोकं खाल्लं होतं त्यानं माझं. काय आणत असतील, अ‍ॅडेल, काय आणत असतील." त्यांनी हात पुढे केला. "हे मला द्याल?"

लोर्नानं कार्ड दिलं. मग त्या एकट्याच डबा घेऊन समोरच्या बाकावर जाऊन बसल्या. लोर्ना त्यांच्या मागोमाग गेली नाही.

सहा आठवड्यांनी निकाल आला. अधिवेशन दुसऱ्या शहराला गेलं. तिथं एका छपराखाली अकराशे खोल्या होत्या, वेल्डनमध्ये तीन हॉटेलं मिळून सातशे. पत्र दोन ओळींचं होतं, रीतसर. ब्रॅडीनं ते लोर्नाला स्वतः येऊन दाखवलं. "तुमच्यामुळे नाही गेलं," तो म्हणाला.

"माहीत आहे. खोल्याच नाहीत आपल्याकडे. पण म्हणून टेबल काही राहत नाही ना?"

त्यानं पत्राची घडी घालून खिशात ठेवलं. तिला खूप वाईट वाटलं, पण त्याच्यासमोर रडायचं तिच्या जिवावर आलं.

महिनाअखेरीला कार्डं संगणकात घालायला एक माणूस आला. संध्याकाळी ब्रॅडी म्हणाला, "यादीत एक कमी भरतंय. थॉर्सन."

"ते ज्याचं होतं त्याच्या घरी गेलं," लोर्ना म्हणाली. तिनं चष्म्याचं घर, चहाचा कप, भिंतीवरचा नदीचा नकाशा असं सगळं खोक्यात भरलं, रोझाल्बाला फोन करून उद्या जेवायला ये म्हणून सांगितलं आणि बाहेर पडली. तिच्या जागी पडदा लागला होता, अजून चालू व्हायचा होता.

रस्ता ओलांडून ती शेजारच्या हॉटेलसमोरच्या, विल्मरच्या बाकावर बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बोट वर येत होती. तिनं तराफे मोजले, पंधरा.

एक जोडपं पाठीवर पिशव्या घेऊन कार्यालयाच्या दाराशी घुटमळलं, काचेतून आत डोकावलं, मग रस्ता ओलांडून तिच्याकडे आलं.

"इथं माहिती देणारं कुणी असतं ना हो?" बाईनं विचारलं. "बंद दिसतंय."

लोर्नानं खोका उचलून मांडीवर घेतला आणि बाकावर दोघांपुरती जागा केली.

"आधी बसा," ती म्हणाली. "कुठून आलात?"