मंदाकिनीमावशींचा भीमपलास आणि माझा मागचा कान

मी सराउंड साउंडचा माइक बोलतोय. पुढचं, मागचं, डावीकडचं, उजवीकडचं वेगवेगळं ऐकायला मला चार कान आहेत. माझा मालक गंधार. त्याला दोनच आहेत, आणि त्यांचाही त्याला फारसा उपयोग होत नाही.

माझा जन्म जर्मनीतला. हडपसरच्या आयटी कंपनीने गंधारला तिकडे पाठवलं, तेव्हा त्याने मला घेतलं. कोथरूडच्या घरी आलेल्या प्रत्येकाला तो माझा डबा उघडून दाखवी. ऐकायला मात्र एकदाच लावलं, सोसायटीच्या गणपतीत. मागे फटाके वाजत होते, म्हणून त्याने लॅपटॉपवर माझा मागचा कान बंद केला. मग विसरला.

पुढे त्याच्या मंदाकिनीमावशींचं गाणं ठरलं. घशाच्या दुखण्याने त्यांचं गाणं सुटलं होतं. डॉक्टरांनी नाखुशीनेच एका बैठकीला हो म्हटलं होतं.

गाण्याच्या दिवशी दुपारी हॉलमध्ये गंधारने मला रेकॉर्डिंगसाठी लावलं. मागचा आवाज येईना.

"माइक बिघडलाय," तो म्हणाला. दोष माझाच असणार, इंजिनियरचा कसा असेल?

"मावशी, जरा गा ना. म्हणजे कळेल."

"किती गाऊ?"

"मी थांब म्हणेपर्यंत."

मावशींनी डोळे मिटून भीमपलास धरला. इतका मऊ, इतका भरलेला आवाज मी तोवर ऐकला नव्हता. गंधार तेव्हा टेबलाखाली शिरून वायर बदलत होता. रेकॉर्डिंगचं बटण त्याने दाबलंच नव्हतं. 'अजून एकदा' म्हणून त्याने मला हलवलं, माझ्यात फुंकर मारली, शेवटी बुधवार पेठेत जाऊन नवी वायर आणली. प्रत्येक वेळी मावशी गायल्या.

त्याची बायको नीरजा लॅपटॉपकडे बघत होती. "हे लाल काय आहे रे?"

"असू दे ते."

"त्यावर म्यूट लिहिलंय."

गंधारने तिथे क्लिक केलं. मला मागचं ऐकू येऊ लागलं. "आलं," तो म्हणाला, जणू त्यानेच शोधलं. "मावशी, शेवटचं एकदा."

मावशी पाणी प्यायल्या. "आता नको रे. संध्याकाळी गायचंय."

संध्याकाळी माझे चारही कान उघडे होते. खोकले, मोबाइल, प्लॅस्टिकच्या पिशव्या, सगळं स्वच्छ आलं. मावशींचा आवाज मात्र वरच्या षड्जावर चिरला. पुन्हा लावून पाहिला, पुन्हा चिरला. त्यांनी बंदिश लवकर आटोपली आणि हात जोडले. गंधार लॅपटॉपवरच्या आवाजाच्या रेघा बघत होता. "मस्त झालं रेकॉर्डिंग," तो नीरजाला म्हणाला.

आठवड्याने त्याने ते मावशींना ऐकवलं. त्या शेवटपर्यंत ऐकत बसल्या. मग म्हणाल्या, "दुपारचं ठेवलंस का रे?"

"ते टेस्टिंग होतं, मावशी."

"बरं," म्हणून त्या उठल्या. त्यानंतर त्या गायल्या नाहीत.

हल्ली मी कपाटावर डब्यात असतो. मी बेभरवशाचा आहे असं म्हणून गंधार मला विकायला निघालाय. जो कोणी मला घेईल, त्याला एवढंच सांगतो: समोर माणूस गात असेल, तर आधी बटण दाब. शिव्या मला नंतर दे.