आठ नंबरचं गाणं

चपलांच्या दुकानात तिला सगळे गुणगुणी म्हणत, कारण गिऱ्हाइकाच्या पायात जोडा चढवतानाही तिचं गुणगुणणं चालूच असे. गळा गोड आणि गिटारवर हात असा, की ऐकणारा हातातलं काम विसरे. पण आजवर ती कायम दुसऱ्या गायकांच्या मागे उभी राहून वाजवत आली होती. तिने एकटीने, समोर माणसं बसवून गायचं आणि ते जसंच्या तसं रेकॉर्ड करायचं, हे खूळ रेडिओ दुरुस्त करणाऱ्या तिच्या मामाचं.

सुट्टीच्या दिवशी मामाने ते दुकानच मागून घेतलं. भिंतीभर खोकी, त्यामुळे आवाज अजिबात घुमत नाही, असं तो टाळ्या वाजवून सगळ्यांना पटवून देत होता. जोडे घालून बघायच्या स्टुलांवर बारा माणसं बसली. आईला खोकायची सक्त मनाई होती.

दोन गाणी झकास झाली. तिसरं ऐन रंगात आलं आणि दार ढकलून एक जाडजूड गृहस्थ आत आले. एवढी गर्दी म्हणजे सेल असणार, असा त्यांचा समज. रिकामं स्टूल बघून ते बसले, थोडा वेळ थांबले आणि मग पाय पुढे करून म्हणाले, "काळा बूट. आठ नंबर."

मामाने कपाळाला हात लावला. गुणगुणीला मात्र चार वर्षांची सवय. बोटं न थांबवता ती त्याच चालीत गाऊन गेली, "आठ नंबर संपलाय हो, नऊ चढवून बघता का?"

"सैल होईल," गृहस्थ म्हणाले, तेही नेमके समेवर.

मग काय, बाराही जणांनी "सैल होईल, सैल होईल" असा ठेकाच धरला. सगळ्यात मोठा आवाज आईचा.

गाणी संपल्यावर गुणगुणीने गृहस्थांना सुखतळा घालून नऊ नंबर दिला आणि खोक्यांच्या आड जाऊन रडली. तेवढं काप, म्हणून मामाच्या मागे लागली.

"एकच माइक होता गं," मामा म्हणाला. "ते कापलं तर गाणंही जाईल."

त्या टेपच्या नकलांवर नकला निघाल्या. पुढच्या महिन्यात मोठ्या सभागृहात तिचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा तिने मोठ्या मेहनतीने बसवलेलं एक गंभीर गाणं सुरू केलं. लोकांनी ते मन लावून ऐकलंही. ते संपताच मागच्या रांगेतून एक बाई उभ्या राहिल्या आणि अदबीने म्हणाल्या, "सहा नंबर, सँडल."

गुणगुणीने मान खाली घालून हसू दाबलं आणि सूर धरला.