न विझलेली काडी

काडीची ज्योत किंचित वाकली आणि पुन्हा सरळ उभी राहिली. नौपाड्यातल्या डॉक्टरांनी ती ऑस्वल्डच्या उघड्या तोंडासमोर वीतभर अंतरावर धरली होती. त्याने पुन्हा फुंकलं. ज्योत पुन्हा वाकली, विझली नाही.

"सिगारेट ओढता?"

"कधीच नाय."

डॉक्टरांनी मुंबईहून आलेला रक्ताचा रिपोर्ट वाचला. "फुफ्फुसाला जपणारं एक प्रथिन यांच्या रक्तात जवळजवळ नाहीच. जन्मापासून. आई आणि वडील, दोघांकडून दोष आला तरच असं होतं. थोरला मुलगा गेला, त्यालाही बहुधा हेच असणार."

"मिरचीनं नाय?" ऑस्वल्डच्या आईने, जॉर्जिनाने, विचारलं.

"मिरचीच्या खकाण्याने त्रास वाढतो. पण मूळ रक्तात आहे."

मागे उभी असलेली तिची सून, थोरल्याची विधवा कॉन्स्टन्स, हिने रिपोर्ट घडी घालून पिशवीत ठेवला.

बाटली-मसाला, वर्षभर बाटल्यांत भरून ठेवायचा मिरचीचा मसाला, कुटण्यात तिचा हात धरणारी बाई वाडीत नव्हती. आठ वर्षांपूर्वी नवऱ्याला, इनासला, पुरलं त्याच दिवशी सासूने सगळ्यांदेखत तिचं मुसळ काढून घेतलं होतं. "हिच्या मिरचीनं माजा पोरगा खाल्ला!" त्यानंतर तिला कुणी कुटायला बोलावलं नाही. ठाकुर्लीला तिच्या वडिलांची खोली रिकामी होती. लेकीला, इडाला, घेऊन ती तेव्हाच गेली असती. पण मग नवरा खाल्ल्याचा ठपकाही तिच्याबरोबर गेला असता. म्हणून ती राहिली. सासूला रोज ताट वाढत तो पुसला जायची वाट पाहत राहिली.

तिघं वाडीत परतली तेव्हा शेजारच्या अंगणात मुसळं चालू होती. इडा मसाला चाळत होती.

"कॉन्स्टन्स, लांबून जा गो!" एकीने हाक दिली. "माजा म्हातारा अजून पायजेल मना!"

बायका हसल्या. जॉर्जिनाने सुनेचं मनगट धरलं. "रक्ताचं बोलू नको. इडाची सोयरीक मोडंल."

ते खरं होतं. सासूवर उगारायचं ते लेकीलाही लागणार होतं. कॉन्स्टन्सने मनगट सोडवलं.

"आय, आठ वर्षं आपल्या घरात मिरची कुटली नाय. मग ऑस्वल्डला कोणी खाल्लं? सांगा यांना."

मुसळं थांबली. जॉर्जिना घराकडे वळू लागली.

"मग मी सांगते. रक्तातलं आहे. तुमच्या आणि पप्पांच्या. इनासला तेच, याला तेच. माझ्या इडातपण अर्धं आहे. तिला करून न्यायची असेल त्यानं हे ऐकून यावं."

कुंपणाला टेकून ऑस्वल्ड श्वास गोळा करत होता.

"झालं ना मनासारखं?" जॉर्जिनाचा आवाज चिरकला. "आता घरात चल. याला बघायला तूच हायस."

कॉन्स्टन्सने इडाच्या हातातली चाळण घेतली, सासूच्या हातात दिली. लेकीच्या गालावरचं तिखट पदराने हलकेच पुसलं.

"इडा, कपडे भर. आजच ठाकुर्लीला जायचं. कायमचं."