बिनवासाची फरशी

न्हाणीघराच्या फळीवर सात वस्तू होत्या: काळं फिनेल, पांढरं फिनेल, ॲसिड, ब्लीचिंग पावडरचा डबा, काचा पुसायचं निळं पाणी, झुरळांचा फवारा आणि डांबरगोळ्यांची पुडी. मम्मी एकेक काढून बादलीत ठेवत होती. आजी दारात उभी राहून बघत होती.

"समदंच नेती का? एक तरी ऱ्हाऊ दे."

"आत्या, डॉक्टर काय म्हणाले? या वासानंच पायलला धाप लागते." मम्मी सासूला आत्या म्हणायची.

"त्याच्या दवाखान्यात जाऊन बघ. फिनेल मारल्याबिगर दार उघडत नाय तो."

हे खरंच होतं. मम्मी हसली, पण बादली घेऊन गेलीच.

२००१ साल होतं. मी चौथीत होते, नाशिक रोडला जेल रोडच्या कॉलनीत आमच्या दोन खोल्या होत्या. डॉक्टरांनी मला एक प्लॅस्टिकची नळी दिली होती. तिच्यात जोरात फुंकलं की लाल काटा सरकायचा आणि एका आकड्यावर थांबायचा. तीनदा फुंकायचं, सर्वांत मोठा आकडा धरायचा. पहिल्या रविवारी घरात सगळ्यांनीच फुंकून पाहिलं. पप्पा पाचशे चाळीस, मम्मी तीनशे नव्वद, मी दीडशे. माझे निदान दोनशे व्हायला हवेत, असं डॉक्टर म्हणाले होते.

"आजी, आता तू."

"मला नको ते नळकांडं. माझा दम चांगला हाय," आजी म्हणाली आणि खोकली. ती नेहमीच खोकायची. वय झालं, असं आम्ही धरून चाललो होतो.

मम्मी पोस्टात क्लार्क होती. दहाला काउंटरवर बसायचं, त्याआधी पाणी भरायचं, तीन डबे, माझी वेणी. पप्पा मनमाडला कामाला, रविवारीच घरी. त्यामुळे सफाईसाठी वेगळा वेळ असा नव्हताच. तिने तो इतर कामांच्या फटींत बसवला. मी दात घासेपर्यंत संडास, कुकरची शिट्टी होईपर्यंत ओटा, वेणी झाली की फरशी. रात्री भिजवलेले रिठे सकाळी भातानंतर त्याच गॅसवर उकळायचे. स्टेशनजवळचा रसवाला पिळलेली लिंबं फेकून द्यायचा, ती मम्मी संध्याकाळी पिशवीत भरून आणायची.

"प्रतिभाताई, लोणच्याचं दुकान टाकताय काय?" ऑफिसातले शेलार विचारायचे.

"नळाला लावते. तुम्ही चेहऱ्याला लावून बघा, फरक पडेल."

पहिल्या आठवड्यात तिने खायचा सोडा आणि लिंबू एकत्र केलं. भरपूर फेस आला, ती खूश झाली, आणि ओटा तसाच तुपकट राहिला. मग तिने त्यांना वेगळं केलं. तेलकटाला सोडा, नळावरच्या पांढऱ्या थराला लिंबू, फरशीला रिठ्याचं गरम पाणी.

आजी पुसलेल्या फरशीवर वाकून हुंगायची. "वास कुठं हाय?"

"नसलेलाच बरा, आत्या."

"तुला नाय कळायचं." एकतीस वर्षं तिने दवाखान्यात आया म्हणून वॉर्ड पुसले होते. "आमच्या घरी माणसं यायची, पाणी नाय प्यायची. मी दोन टाइम फिनेल मारायची. त्यो वास आला की घर घाण हाय म्हणायची कुणाची हिंमत नाय व्हायची."

 मम्मीने फडकं पिळून दोरीवर टाकलं आणि डबा उचलला.

डिसेंबरात पप्पांच्या धाकट्या बहिणीला, शुभांगीआत्याला, बघायला आमच्याकडे पाहुणे येणार होते. मम्मी हाफ डे टाकून आली तर फिनेलचा वास जिन्यातच होता. आजीने शेजारच्या सिंधुबाईंकडून वाटीभर मागून आणलं होतं आणि दोन्ही खोल्या पुसल्या होत्या. मी नुकतीच शाळेतून आले होते आणि आता पायरीवर बसले होते, खांदे वर-खाली करत.  मम्मीने मला उचललं आणि रिक्षा थांबवली. दवाखान्यात मी फुंकलं तेव्हा काटा नव्वदवर थांबला.

आम्ही परतलो तोवर पाहुणे येऊन गेले होते. आजी भिंतीला टेकून बसली होती.

"काय म्हणाले पाहुणे?" मम्मीने विचारलं.

"घर लय स्वच्छ हाय, म्हणाले." आजीने माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा आजी रिठ्याच्या पाण्याने फरशी पुसत होती. मम्मी पुढे झाली.

"आत्या, ठेवा. मी करते."

"तू तुझं आवर. वॉर्ड पुसलेत मी, ह्या दोन खोल्या काय." पुसून झाल्यावर तिने वाकून हुंगलं. "कायच नाय," म्हणाली आणि फडकं धुवायला गेली.

त्या दिवसापासून फरशी आजीची झाली. मम्मी सकाळचा चहा बसून प्यायला लागली.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी माझे दोनशे वीस आले. मी नळी घेऊन खोलीभर नाचले. मम्मी एका पायात चप्पल घालून दारात होती, तिथूनच तिने टाळ्या वाजवल्या.

आजीने पदराला हात पुसले. "आण इकडं ते नळकांडं."

"ओठ घट्ट मिट हं, आजी. आणि एकदम जोरात."

तिने फुंकलं. दुसऱ्यांदा फुंकलं. तिसऱ्यांदा फुंकताना तिला खोकला आला, तो थांबेपर्यंत मी थांबले. मम्मीने खांद्यावरची पर्स खाली ठेवली.

तिन्हींतला सर्वांत मोठा आकडा एकशे दहा होता.