साचेखात्यातला फोटो

दसऱ्याच्या सकाळी नऊ वाजता जान्हवी परबच्या कॉम्प्युटरने तिला शांतपणे कळवलं, की ग्राफिक्स कार्ड सापडत नाही. सापडत नाही म्हणजे काय? परवापर्यंत तर होतं. ते काय उठून बाजारात झेंडूची फुलं आणायला गेलं?

भांडुपच्या त्यांच्या घरातली बाहेरची खोली म्हणजे जान्हवीचं दुकान. फाटलेले, बुरशी धरलेले जुने फोटो ती तिथे बसून दुरुस्त करून द्यायची. पाटीबिटी काही नव्हती, पण हात असा होता की मुलुंडपासून लोक पत्ता विचारत यायचे. आजचं काम मात्र घरचंच होतं. संध्याकाळी पाचला तिच्या वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, गिरणीतल्या सोबत्यांचा मेळावा होता आणि तिथे एक जुना फोटो नीट करून द्यायचा शब्द नानांनी सोनूबाईंना देऊन ठेवला होता.

सोनूबाई बाळाकाकांच्या पत्नी. बाळाकाका गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, नानांच्या शेजारच्या साच्यावर काम करायचे. त्यांना जाऊन पंचवीस वर्षं झाली. पुढे सव्वीस जुलैच्या पाण्यात सोनूबाईंची ट्रंक गेली आणि तिच्यासोबत नवऱ्याचा एकूण एक फोटो गेला. आता उरला होता तो नानांच्या पेटीतला, एकोणऐंशी सालचा, खात्यातल्या अकरा जणांचा. त्यातले दहा चेहरे धडधाकट आणि अकराव्यावर, नेमका बाळाकाकांवर, ओलीचा तपकिरी डाग. डागालाही दुसरी जागा मिळाली नाही!

पण डागाखाली चेहरा होता, तो जान्हवीला अंधूक दिसत होता. हाताने डाग उतरवायचा तर आठवडा गेला असता. सॉफ्टवेअरमधल्या डाग काढायच्या सोयीने तेच काम तासा-दीड तासात व्हायचं, फक्त ती सोय कार्डाशिवाय हलत नव्हती. प्रिंट काढणारा आज सणामुळे दोनला दुकान बंद करणार होता. काल खंडेनवमी, अवजारांच्या पूजेचा दिवस, म्हणून नानांच्या हुकमावरून कॉम्प्युटर बंद होता. आज चालू केला तर सॉफ्टवेअरने आधी अपडेट घेतलं आणि पाठोपाठ हा निरोप दिला.

तिने मिथुनला फोन लावला. मिथुनचं घाटकोपरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं.

"मिथुन, अपडेटने वाट लावली रे!"

"टेन्शन घेऊ नको ना यार. आधी कार्डाचा ड्रायव्हर काढ, नवीन टाक."

तिने काढला, नवीन टाकायला घेतला. ड्रायव्हर म्हणाला, या मशिनमध्ये माझ्या ओळखीचं कार्डच नाही. मग मिथुनने सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती परत टाकायला लावली. तेच. सेटिंगमध्ये इकडचं तिकडे करून झालं, मशीन चारदा बंद-चालू झालं, मिथुनच्या ओळखीच्या दोघांनी दोन परस्परविरोधी सल्ले दिले. साडेअकरा वाजले. अपडेट बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाला, तरी कार्ड काही सापडेना.

नाना तोरण बांधता बांधता दारातून डोकावले. "काय झाला गो?"

"अपडेट आलं, नाना. सगळं अडलंय."

"ह्या अपडेटवाल्यांका सणवार नाय काय?" नाना म्हणाले, आणि मग जरा हळू, "सोनूबाईक मी शब्द दिलंय गो."

होईल तेवढं हातानेच करू, असं ठरवून जान्हवीने फोटो पडद्यावर मोठा केला. चेहऱ्यांपासून हळूहळू खाली आली. मागे हार घातलेला साचा होता आणि पुढे पाटावर एक लाकडी धोटा, त्यावर कुंकू आणि एक फूल.

"नाना, हा धोटा असा बाहेर का ठेवलाय?"

"खंडेनवमीचो फोटो तो! नुसत्या साच्याक हार घालून काय उपयोग? सूत घेऊन धावता तो धोटो. खरा काम करता त्याका भायर काढूचा, पुसूचा, कुंकू लावूचा, मगे परत जाग्यार ठेवूचा. आमच्या खात्याची रीत होती ती."

जान्हवीचा हात माऊसवरच थांबला. "नाना," ती सावकाश म्हणाली, "काल तुम्ही कॉम्प्युटरची पूजा कशी केलीत?"

"रीतसर!" नानांची छाती फुगली. "तूच सांगितलंस मा, ह्याच्यात खरा काम करता ता कार्ड? डबो उघडलंय, ता भायर काढलंय, पुसलंय, कुंकू लावलंय आणि परत बसवलंय."

फोनच्या स्पीकरवर मिथुन हसत सुटला तो थांबेचना. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

जान्हवीने डब्याची झडप काढली. कार्ड कपाळावर कुंकवाचा टिळा लावून ऐटीत, पण तिरकं बसलं होतं. त्याच्या खाचेत झेंडूची एक पाकळी अडकली होती. विजेची वायर कुणाला त्रास नको म्हणून दोऱ्याने बाजूला बांधलेली, आणि पडद्याची वायर शेजारच्या तशाच दिसणाऱ्या भोकात, म्हणून पडदा तेवढा चालत होता. इतकं नीटनेटकं बिघडवलेलं काम तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"म्हणजे माझ्यामुळे..." नानांचा चेहरा उतरला.

"तुमच्यामुळेच कळलं ना!" जान्हवीला हसू आवरेना. पाकळी काढली, कार्ड खट्‌ आवाज येईपर्यंत दाबलं, दोन्ही वायरी जागेवर लावल्या. टिळा तेवढा राहू दिला. मशीन सुरू झालं आणि कार्ड, काही घडलंच नाही अशा थाटात, हजर झालं.

दीड वाजता डाग गेला. बाळाकाका हसत होते, चांगले तोंडभर हसत होते. नाना पडद्यापुढे उभे राहून कितीतरी वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले. दोनला पाच मिनिटं कमी असताना जान्हवी धापा टाकत प्रिंटवाल्याच्या दारात पोचली.

मेळाव्यात सोनूबाईंनी फोटो दोन्ही हातांत धरला. "हसताना ह्यांचो डावो डोळो बारीक व्हायचो," त्या म्हणाल्या. "माझ्या ध्यानातसून गेलेला गो." त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. नानांनाही राहवलं नाही, त्यांनी आपल्या पूजेची हकीकत स्वतःच भर मेळाव्यात सांगून टाकली. म्हातारे खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले.

मग सोनूबाईंनी आपट्याचं पहिलं पान फोटोवर ठेवलं. दुसरं जान्हवीच्या हातात दिलं.

"ह्या सोना तुझ्या कार्डाक दी," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "आणि नानाक त्याच्या जवळ येऊक देऊ नको."