कानसेनाची पहार

मी एक जुनी खाण आहे. डोंगराच्या पोटात, वाकून शिरावं लागेल एवढंच माझं तोंड. आत काळा, जड दगड होता. त्यातून क्रोमियम निघतं, आणि ते मिसळलं की पोलादाला गंज चढत नाही. मित्रांनो, तुमच्या घरातले चमचे चकाकतात, त्यात माझ्यासारख्या खाणींचाही वाटा आहे.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मोठे लोक माझ्या तोंडाशी उभे राहून फोटो काढायचे. पण माझी खरी विचारपूस करायचा एकच कामगार. त्याला सगळे कानसेन म्हणत. सुरुंगाचा धूर ओसरला की तो एकटाच आधी आत यायचा आणि लोखंडी पहारीने माझं छत ठोकायचा. छत पक्कं असलं की मी खणखणीत वाजायचे. दगड सुटलेला असला की बद्द. तो "चला" म्हणेपर्यंत कुणी आत पाऊल टाकत नसे.

बावीस वर्षांत सुरुंगांनी त्याचे कान खाल्ले. शेवटच्या वर्षी त्याला काहीच ऐकू येईना. हे ठाऊक होतं त्याच्या बायकोला, आणि मला. एकटा असला की तो माझ्याशी बोलायचा. बहिऱ्याला खाणीत काम नव्हतं. काम सुटलं की खाणमालकाने दिलेली खोलीही सुटायची. म्हणून बायकोने त्याला ओठांवरून बोलणं ओळखायला शिकवलं. छत मात्र तो आता पहारीचा हादरा आणि हाताचा स्पर्श यांवरूनच ओळखू बघायचा.

तिचा सख्खा भाऊ इथेच दगड फोडायचा. "दाजी, माझ्या बहिणीचं कधी ऐकत नाही, दगडाचं बरं ऐकता!" तो चिडवायचा. सगळे हसायचे. त्यांचे चेहरे बघून कानसेनही हसायचा.

त्या सकाळी त्याने पहार मारली. मी बद्द वाजले. त्याने पुन्हा मारली. मी पुन्हा बद्द वाजले. याहून मोठ्याने सांगणं मला येत नाही. त्याने हाताने छत चाचपलं आणि बाहेर तोंड काढून म्हणाला, "चला."

मेहुणा पहिला आत आला. दगड पडला. फार मोठा नव्हता, एका माणसापुरता होता.

दुपारी मेहुण्याला बाहेर आणून चादरीखाली ठेवलं. कानसेन पायांशी बसला, त्याची बायको डोक्याशी. मुकादमाने मागून विचारलं, "छत कुणी ठोकलं होतं?"

कानसेन चादरीची सुरकुती सरळ करत राहिला.

"अरे, तुला विचारतोय!"

मुकादमाने खिशातली शिट्टी काढली आणि त्याच्या कानामागे जोरात फुंकली. बायको दचकली. कानसेनाची मान वळली नाही.

"वहिनी, तुम्हाला माहीत होतं?" कुणीतरी विचारलं.

तिने नवऱ्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि सावकाश म्हणाली, "अहो, त्यांना कळलं."

आठवड्याभरात त्यांची खोली दुसऱ्याला दिली गेली. छत ठोकायला नवा माणूस आला. पुढे माझ्यातला दगड संपला आणि तोंडाला लोखंडी जाळी बसली. ती गंजली आहे.

मित्रांनो, माझी डागडुजी करा असं मी म्हणणार नाही. ज्याच्या कानांवर तुमचा जीव टांगलेला आहे, त्याला एकदा पाठीमागून हाक मारून बघा. त्याने वळून पाहिलं नाही, तर त्याला घराबाहेर काढणार नाही असं आधी सांगा. मग कदाचित तो खरं बोलेल.