न पुसायचा कप

मी एक जुना काचेचा कप आहे. थांबा मित्रांनो, लगेच चहा आठवू नका. माझ्या पोटात आजवर चहाचा थेंबही गेलेला नाही. मी तेल तपासायचा कप. ट्रान्सफॉर्मरच्या मोठ्या लोखंडी टाकीत तेल भरलेलं असतं. ते तेल विजेला अडवून धरेल की ऐन वेळी दगा देईल, हे माझ्या पोटात ठरतं.

माझी काच ज्याने घडवली तो कारागीर भारी काटेकोर माणूस. माझ्या पोटात त्याने पितळेचे दोन गोळे समोरासमोर बसवले आणि मधलं अंतर अडीच मिलिमीटर आहे ना, हे सात वेळा मोजलं. मग मी एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आलो आणि तिथे तेल तपासणाऱ्या मास्तरांच्या हाती पडलो.

काम सांगतो. माझ्यात तेल ओतायचं, बुडबुडे निघून जाईपर्यंत पाच मिनिटं गप्प बसायचं आणि मग गोळ्यांना वीज देऊन ती हळूहळू वाढवत न्यायची. ही वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे आणि पन्नास वेळा मागे अशी येरझारा घालते. तुम्हाला वाटेल, मग तेलातला कचरा जरासा इकडे, जरासा तिकडे होऊन जागच्या जागी राहील. मलाही आधी तसंच वाटायचं. पण कापसाचा एखादा बारीक धागा तेलात असला की त्याच्या दोन टोकांना दोन उलट भार गोळा होतात. विजेची दिशा पालटली की तेही पालटतात, त्यामुळे ओढ काही सुटत नाही. वीज सगळ्यात जोरात असते गोळ्यांच्या मधोमध, म्हणून धागे तिथेच सरकत येतात, ताठ उभे राहतात, एकमेकांच्या टोकाला टोक लावतात आणि त्यांचा पूल होतो. पुलावरून ठिणगी पलीकडे जाते. ठिणगी जितक्या किलोव्होल्टला पडली, तो त्या तेलाचा आकडा. पन्नासच्या वर गेलं तर तेल उत्तम, तिशीच्या आत अडकलं तर नापास.

म्हणून मला कधीच पुसायचं नसतं, फडक्याचे धागे आत राहतात. जे तेल तपासायचं त्याच तेलाने दोनदा विसळायचं, बस्स. मास्तर नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावत, "फडकं त्या कपाजवळ दिसलं तर हात मोडून ठेवीन." अठ्ठावीस वर्षांत त्यांनी कुणाचा हात मोडला नाही, पण दुसऱ्या कुणाचं फडकंही कधी दिसलं नाही. मला त्याचा अभिमान होता.

मग तो दिवस आला. मास्तरांचा थोरला मुलगा त्याच कारखान्यात फिटर. इस्पितळाचा ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करून, चार दिवस खपून त्याने तेल गाळलं होतं. नमुन्याची बाटली सकाळीच आली. मास्तरांनी मला उचललं, उजेडाकडे धरलं, दोनदा विसळूनही त्यांना आत काहीतरी डाग वाटला. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि मला आतून पुसलं. त्यांच्या हाताखालची ताई दुसऱ्या टेबलावर बाटल्यांना चिठ्ठ्या लावत होती. तिने पाहिलं नाही. मी पाहिलं. पण मला तोंड कुठे आहे?

तेल ओतलं, वीज चढली. रुमालाचे धागे एकामागून एक उभे राहिले. सव्वीसला ठिणगी पडली. पुन्हा ढवळून चोवीस, मग सत्तावीस. मास्तरांचा चेहरा उतरला, तरी त्यांनी कागदावर लिहिलं, 'नापास'.

दुपारी कारखान्याचे साहेब थोरल्याला घेऊनच आत आले. इस्पितळ चार दिवस जनरेटरवर होतं, साहेब संतापलेले होते. "टाकीत चिंध्या सोडल्यास का रे? तुझ्या नावावर शेरा मारावा लागेल."

थोरल्याचे डोळे झोप न झाल्याने लाल होते. "मी तर नीट गाळलं होतं, साहेब. पण बाबांनी नापास म्हटलंय म्हणजे तेल खराबच असणार. माझंच कुठेतरी चुकलं. मारा शेरा."

मास्तर खुर्चीचा हात धरून उभे राहिले.

"शेरा मारू नका," ते म्हणाले. "मी सकाळी कप रुमालाने पुसला."

"तुम्ही?" ताई म्हणाली. "अहो मास्तर, मग धागे दिसले असतील की."

"तुला दिसले असते. मला नाही दिसत. दोन वर्षं झाली, धागे दिसत नाहीत; विसळूनही न जाणारे डाग मात्र दिसतात, म्हणून पुसलं. मीटरचा काटा मोठा आहे, तो दिसतो, त्यावर निभावून नेलं. डोळ्यांचं सांगितलं तर मला इथून उठवतील, ही भीती होती."

ताईने मला चारदा विसळलं, बाटलीतलं उरलेलं तेल ओतलं, पाच मिनिटं थांबली. अठ्ठावन्न. थोरल्याने खाली बसून चेहरा ओंजळीत झाकला.

इथे गोष्ट संपली असती तर मी सुखी झालो असतो, मित्रांनो. पण मास्तरांनी त्याच संध्याकाळी मागच्या दोन वर्षांचे कागद काढायला लावले. त्यात आणखी चार फिटरांची तेलं नापास झाली होती. मास्तरांनी तेव्हाही मला पुसलं होतं का? दोनदा पुसलं होतं, हे मला पक्कं आठवतं. कुणाच्या वेळी, ते नाही सांगता येत. ते तेल कधीच फेकून दिलेलं होतं. आता तपासणार काय?

मास्तर चौघांच्याही दारी गेले. थोरला त्यांचा हात धरून सोबत होता. तिघांनी घरात घेतलं. चौथ्याने शेरा लागल्यावर नोकरी सोडली होती. त्याच्या बायकोने दारातच ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते रोज म्हणायचे, मी नीटच गाळलं होतं. मीसुद्धा विश्वास ठेवला नाही. आता ते कामासाठी परगावी असतात. हे तुम्हीच त्यांना लिहून कळवा."

मास्तरांनी पत्र सांगितलं, ताईने इथेच माझ्याशेजारी बसून लिहिलं. उत्तरासाठी पत्ता इथलाच घातला आणि खाली त्यांनी चाचपडत सही केली.

मित्रांनो, मला विसळा, झाका, जपा. आणि डोळे अधू झाले, हात कापायला लागले, तर त्याच दिवशी सांगून टाका. तुम्ही लपवलं, तर शेरा भलत्याच माणसाच्या नावावर लागतो. त्या पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही. मास्तर आता कामावर नसतात, पण दर सोमवारी फाटकापाशी येतात आणि थोरल्याला आत पाठवून विचारतात, उत्तर आलं का.